चार्जिंगची गाडी आणि शाळेचा फाटा

वाचकाचं पत्र, थोडक्यात: मी परभणीत राहते. जिंतूर रस्त्यावरच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका आहे. घरापासून शाळा २३ किमी, त्यातले शेवटचे ३ किमी फाट्यापासून आत, कच्चा रस्ता. इतके दिवस एका सहकारी सरांच्या मोटारसायकलवर डबलसीट जायचे, पेट्रोलचे निम्मे पैसे द्यायचे. सरांची बदली झाली. आता एसटीने फाट्यापर्यंत आणि पुढे मिळेल त्या वाहनाने. घरी यायला सात वाजतात. चार्जिंगची स्कूटर घ्यावी असं मनात आहे, पैसेही वाचतील. मिस्टर म्हणतात, घ्यायचीच तर पेट्रोलची स्कूटी घे, बॅटरीचा भरवसा नाही आणि स्कूटीवर वसमतला गावाकडेही जाता येईल. (त्यांची स्वतःची मोटारसायकल आहे.) शेजाऱ्यांची बॅटरीची गाडी दोन वर्षांत भंगारात गेली. सासूबाईंना घरात आग लागायची भीती वाटते. काय करू?
– एक शिक्षिका, परभणी

ताई,

घरच्यांना पटवताना तुम्ही 'पैसे वाचतील' हे कारण पुढे करताय, आणि नेमकं तेच सगळ्यात लंगडं आहे. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. तुमच्या अंतराला एसटी आणि फाट्यावरून आत जायचा खर्च धरला तरी महिन्याला दीडेक हजाराच्या आत भागत असेल. उलट सव्वा लाखाची गाडी घेतली आणि त्यातले लाखभर कर्जाने उचलले, तर तीन वर्षं दरमहा ३,३०० रुपयांच्या आसपास हप्ता. वर वीज, वर विमा. मिस्टरांनी कागद-पेन घेतला तर पहिल्या दोन ओळींतच तुम्ही हरणार.

पण पत्रात मध्येच एक वाक्य येऊन गेलंय: घरी यायला सात वाजतात. शाळा पाचला सुटते असं धरलं तर पाऊण तासाच्या रस्त्याला दोन तास. म्हणजे बाकीचा वेळ फाट्यावर उभं राहण्यात, काळीपिवळी भरेपर्यंत आत बसून राहण्यात, आणि 'मॅडम, आज गाडी नाही' हे ऐकण्यात जातो. तुम्हाला गाडी हवीये ती हा वेळ आपल्या हातात यावा म्हणून. हे घरात बोलायला अवघड जातं, मला कळतं. पैसे वाचवते म्हटलं की काटकसर दिसते, वेळ हवाय म्हटलं की हौस दिसते. तरी खरं कारण तेच असेल तर तेच सांगा. शाळेवर जाणाऱ्या माणसाने रोजचा तास-सव्वा तास परत मागणं ही हौस नव्हे.

आता एसटी बाजूला ठेवू. गाडी घ्यायचीच असं ठरलं, तर पेट्रोलची की चार्जिंगची? इथे मात्र हिशेब तुमच्या बाजूने फिरतो. रोज ४६ किमी, महिन्याला २४ दिवस, म्हणजे ११०० किमी. स्कूटीला लिटरमागे ४५ किमी पडले तर साडेचोवीस लिटर पेट्रोल. परभणीत पेट्रोल महाग, हे तुम्हाला मी सांगायला नको. टँकर मनमाडजवळच्या पानेवाडी डेपोतून एवढ्या लांब येतो, तो वाहतूक खर्च आपल्याच माथी. लिटरला १०५ धरले तरी अडीच हजारांच्या पुढे जातं. तेवढ्याच अंतराला चार्जिंगच्या गाडीला, चार्जरमध्ये वाया जाणारी वीज धरून, साधारण ४० युनिट लागतील. घरातला वापर १०० युनिटांच्या आत असेल तर ही भर तुम्हाला वरच्या स्लॅबमध्ये ढकलेल, म्हणून सगळे कर धरून युनिटला १५ रुपये लावू. ६०० रुपये. महिन्याला दोन हजारांच्या आसपास फरक पडतो, आणि तो रोज ४६ किमी जाणाऱ्यालाच पडतो. जिचं ऑफिस घरापासून ४ किमीवर आहे तिला हा फरक महिन्याला साडेतीनशेही सुटत नाही. तिने बचतीच्या नावाखाली जुनी चालती गाडी विकू नये.

वसमतचं काय? मिस्टरांना विचारा, वर्षातून किती वेळा जाता? सणवार, लग्नकार्य, कुणाचं दुखणंखुपणं. त्यासाठी त्यांची मोटारसायकल दारात उभी आहेच. घरात एकच गाडी असती तर मीही पेट्रोलचीच घ्या म्हटलं असतं. दुसरी गाडी घेताना तिने सगळी कामं करावीत असा हट्ट का? तिला एकच रस्ता चालायचाय, आणि तो तुम्हाला तोंडपाठ आहे.

शेजाऱ्यांच्या भंगारात गेलेल्या गाडीबद्दल एक प्रश्न: तिला नंबरप्लेट होती का? माझा अंदाज, नसणार. मोटर २५० वॉटपर्यंत आणि वेग ताशी २५ किमीच्या आत असला की कायद्याने ते मोटार वाहन ठरत नाही. नोंदणी नको, परवाना नको. मधल्या काळात अशा गाड्या गावोगाव खपल्या आणि त्यातल्या पुष्कळशांत लेड-ॲसिड बॅटऱ्या होत्या, इन्व्हर्टरला असतात त्याच जातीच्या. त्या रोजच्या चार्जिंगला दीड-दोन वर्षांत मान टाकतात. आज तुम्ही जी गाडी बघताय तिच्यात लिथियमची बॅटरी असते, पाठीमागे हिरवी नंबरप्लेट आणि तिच्यावर पांढरी अक्षरं असतात, आरटीओत नोंद होते, परवाना लागतो. दोन्हींना आपण 'चार्जिंगची गाडी' म्हणतो, तिथेच घोळ होतो. बिनपरवान्याची गाडी जिंतूर रस्त्यावर नेण्याचा विचार मात्र स्वप्नातही करू नका. ताशी २५ च्या वेगाने तास जाईल, आणि मागून उसाचे ट्रॅक्टर येत असतात. कुणी दुकानदार म्हणाला, 'वेग अडवणारी वायर काढून देतो, पंचेचाळीसने पळेल', तर त्या दुकानातून बाहेर पडा. अशा गाडीला ना नोंदणी ना विमा. अपघात झाला की सगळं तुमच्या अंगावर.

आता किती मोठी बॅटरी? कंपनीच्या पत्रकावर जी रेंज, म्हणजे एका चार्जिंगमध्ये गाडी किती किमी जाईल तो आकडा, छापलेली असते ती प्रयोगशाळेतली. आपल्या रस्त्यावर, साठच्या वेगाने, समोरून वारा असताना, तिच्या दोन-तृतीयांश मिळाली तरी बरं म्हणायचं. मग हिशेब उलट्या बाजूने करा. तुम्हाला रोज ४६ किमी हवेत. घरी पोचताना पाचवा हिस्सा शिल्लक राहायला हवा, कारण एखाद्या दिवशी पूल बंद म्हणून वळसा पडतोच. पाच-सहा वर्षांनी बॅटरीचा आणखी पाचवा हिस्सा गेलेला असेल. म्हणजे नव्या गाडीने खऱ्या रस्त्यावर ७० ते ७५ किमी दिले पाहिजेत, आणि पत्रकावर ११० च्या आसपास आकडा दिसला पाहिजे. बॅटरीचं माप किलोवॉट-तासात सांगतात. एक किलोवॉट-तास म्हणजे तुमच्या लाईटबिलावरचा एक युनिट. तुम्हाला ३ युनिटची बॅटरी लागेल. शोरूममध्ये २ युनिटची गाडी वीस-पंचवीस हजारांनी स्वस्त दिसेल आणि विकणारा म्हणेल, 'मॅडम, शाळेत चार्जिंग लावा ना.' शाळेवर विसंबू नका. जिल्हा परिषदेच्या किती शाळांचं मीटर थकबाकीपायी कापलेलं असतं हे तुम्हीच मला सांगाल. वीज असली तरी ती शाळेची. अडीअडचणीला लावायची वेळ आली तर मुख्याध्यापकांना विचारून, पैसे देऊन.

गाडीच्या रंगापेक्षा आणि स्क्रीनपेक्षा एक गोष्ट मोठी आहे: सर्व्हिस सेंटर परभणीत आहे की नांदेडला? ब्रेक, टायर, बेअरिंग आपला गल्लीतला मेकॅनिक बघेल, पण कंट्रोलर (मोटरला किती वीज द्यायची ते ठरवणारा भाग) किंवा चार्जर गेला की त्याचे हात बांधलेले. गाडी टेम्पोत घालून सत्तर किमी नेणं आणि पार्ट येईपर्यंत पंधरा दिवस पुन्हा फाट्यावर उभं राहणं, यात सगळा उत्साह विरघळतो. एथर या चार्जिंगच्या स्कूटर बनवणाऱ्या कंपनीने २०२४ मध्ये छत्रपती संभाजीनगरजवळ बिडकीनला कारखाना जाहीर केला, मराठवाड्याला आनंदच आहे. पण कारखाना मराठवाड्यात म्हणजे मेकॅनिक परभणीत, असं होत नाही. तुमच्या गावात ज्या दोन-तीन कंपन्यांचं चालू वर्कशॉप आहे तेवढ्याच यादीत ठेवा. सकाळी दहाला वर्कशॉपच्या दारात उभं राहा, गाडी घेऊन आलेल्या दोघा-तिघांशी बोला. शोरूममधल्या अर्ध्या तासापेक्षा तिथली दहा मिनिटं जास्त शिकवतील. वॉरंटीचा कागद मागून वाचा: किती वर्षं, किती किमी, आणि बॅटरी किती टक्क्यांच्या खाली गेली तर बदलून देणार. हा तिसरा आकडा कुणी आपणहून सांगत नाही. मागच्या चाकात मोटर असेल तर पंक्चर काढायला कोण तयार होतं हेही विचारून ठेवा. ट्यूबलेस टायर, पंक्चरचं किट आणि छोटा पंप डिकीत असला की फाट्यावर अडकणार नाही.

सासूबाईंची भीती हसण्यावारी नेऊ नका. २०२२ च्या उन्हाळ्यात देशभर चार्जिंगच्या स्कूटर पेटल्या, ते व्हिडिओ त्यांनी पाहिले असणार. त्यानंतर सरकारने बॅटरीच्या चाचणीचे नियम कडक केले. एआयएस-१५६ म्हणतात त्याला, डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाले. म्हणून त्याआधीची जुनी गाडी स्वस्तात मिळाली तरी घेऊ नका. पण आपल्याकडे बॅटरीइतकीच काळजी घरातल्या वायरिंगची करायला हवी. जुन्या घरांत तीन भोकांचा बोर्ड असतो आणि वरच्या मोठ्या, अर्थिंगच्या भोकाला मागे काहीच जोडलेलं नसतं. गाडी बुक करण्याआधी वायरमनला बोलवा. अर्थिंग तपासून घ्या, गाडीसाठी वेगळी जाड वायर, १६ अँपियरचा सॉकेट आणि ईएलसीबी (वीज गळायला लागली की लाईन तोडणारा स्विच) बसवून घ्या. अर्थिंगचा रॉड अंगणात असेल तर उन्हाळ्यात तिथे अधूनमधून बादलीभर पाणी ओता. काळी जमीन भेगाळली, कोरडी पडली की अर्थिंग नावालाच उरतं. एक्स्टेन्शन बोर्ड नको. गाडी जिन्याखाली किंवा एकुलत्या एका दाराच्या तोंडाशी चार्जिंगला लावू नका, आणि सगळे झोपल्यावर तर नाहीच. उघडा पोर्च उत्तम. जागा ठरवायला सासूबाईंनाच सांगा. जिथे त्यांना धास्ती वाटणार नाही तिथे सॉकेट बसवायचा. त्यांच्या नजरेला चार्जिंगचा दिवा दिसत राहिला तर त्याच आठवण करतील, 'काढ गं, झालं चार्ज.'

शेवटच्या ३ किमीबद्दल मला खरी काळजी आहे, बॅटरीबद्दल नाही. काळ्या मातीचा रस्ता पावसाळ्यात कसा होतो ते तुम्ही रोज बघता. चिखल चाकाला लपेटतो, मडगार्डमध्ये जाऊन बसतो आणि चाक फिरेनासं होतं. हे पेट्रोलच्या स्कूटीलाही होतं. मिस्टरांच्या मोटारसायकलला कमी होतं, कारण तिची चाकं मोठी. तेव्हा स्कूटर बघताना मागचं चाक आणि मडगार्ड यांच्यात किती फट आहे ते वाकून बघा. जोराचा पाऊस होऊन गेला की चार-आठ दिवस गाडी फाट्यावरच ओळखीच्या दुकानाशी लावायची आणि पुढे पूर्वीसारखं जायचं. आतापासून एखाद्या दुकानदाराला विचारून ठेवा. बॅटरीवर 'आयपी६७' लिहिलेलं असलं तरी त्याचा अर्थ चाचणीत ती मीटरभर पाण्यात अर्धा तास टिकली एवढाच. फरशी पुलावरून पाणी वाहत असताना गाडी घालायला तो परवाना नाही. पाण्याचा लोंढा बॅटरीला नाही, माणसाला नेतो.

उन्हाळ्याचं तंत्र सोपं आहे. मार्च-एप्रिलात शाळा सकाळची, म्हणजे परतीचा रस्ता भर उन्हातला, ४१-४२ अंशांतला. घरी आल्या आल्या प्लग लावू नका. गाडी सावलीत तासभर निवू द्या, मग लावा. शाळेत पत्र्याच्या शेडपेक्षा लिंबाखाली बरी. रोज शंभर टक्के भरायची आणि शून्यापर्यंत उतरवायची गरज नाही. वीस ते ऐंशी-नव्वदच्या मध्ये ठेवली तर बॅटरी जास्त वर्षं साथ देते. (काही बॅटऱ्या एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट जातीच्या असतात, त्यांना आठवड्यातून एकदा पूर्ण भरायला सांगतात. पुस्तिकेत असतं.) तुमच्यासारख्या शिक्षिकांसाठी खास सूचना मे महिन्याची: सुट्टीत माहेरी जाताना गाडी पूर्ण भरून किंवा रिकामी ठेवू नका, प्लगला लावूनही जाऊ नका. निम्म्यावर ठेवा, सावलीत लावा, आणि पंधरवड्याने मिस्टरांनी एकदा चालू करून बघावी.

पत्रात तुम्ही गाडी चालवता येते का याबद्दल काही लिहिलेलं नाही. येत नसेल तर पहिलं काम तेच, खरेदी नंतर. लर्निंग लायसन्स आधारवरून घरबसल्या ऑनलाइन निघतं, त्यानंतर ३० दिवसांनी पक्क्या परवान्याची चाचणी देता येते. तोवर कुणाची तरी स्कूटी मागून शिकून घ्या. कृषी विद्यापीठाच्या बाजूचे रस्ते सकाळी सहाला मोकळे असतात. चार्जिंगच्या गाडीच्या दोन खोडी लक्षात ठेवा. ती उभी असताना चालू आहे की बंद हे आवाजावरून कळत नाही, त्यामुळे ढकलताना चुकून मूठ पिळली की सुसाट पुढे जाते; उतरण्याआधी बंद करायची सवय पहिल्या दिवसापासून. आणि तुम्ही येताय हे शेळ्यांना, म्हशींना, कानाला फोन लावलेल्या पोरांना ऐकू येत नाही. गावात शिरताना हॉर्न वाजवत जा, कुणी नावं ठेवली तरी.

टेस्ट राइड शोरूमभोवती एक चक्कर मारून उरकू नका. शाळेपर्यंत आणि परत, मिस्टरांना मागे बसवून, असं मागा. देत नसतील तर निदान झरीपर्यंत. निघताना किती टक्के, आल्यावर किती टक्के, हे त्यांनाच वाचू द्या. भरवसा नाही म्हणणाऱ्या माणसाला वाद घालून पटत नाही, स्क्रीनवरचा आकडा स्वतः बघितला की तो स्वतःच पुढचा हिशेब करायला लागतो. आकडा वाईट आला तर तुम्हालाही तो मान्य करावा लागेल, हे आधी ठरवून घ्या.

तुमच्यासारखंच विचारणारे वाळूज आणि शेंद्र्याचे कामगार, लातूरच्या क्लासला जाणारी मुलं असे पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी दोन शब्द. कंपनीत शिफ्ट असेल तर पार्किंगमध्ये चार्जिंग पॉइंट देण्याबद्दल एचआरकडे दहा जणांच्या सहीने अर्ज करा, एकट्याच्या अर्जाला उत्तर येत नाही. भाड्याच्या घरात वरच्या मजल्यावर राहत असाल तर बॅटरी काढून वर नेता येणारी गाडीच बघा, पण आधी ती उचलून बघा. एका जिन्यात दम लागत असेल तर नाइट शिफ्टनंतर तीन जिने होणार नाहीत. आणि ज्यांचा रस्ता पाच-सहा किमीचा, शहरातलाच आहे, त्यांनी पॅडल मारायची इलेक्ट्रिक सायकल जरूर बघावी. तिला ना परवाना लागतो ना पेट्रोल, आणि बिघडली तरी पॅडल मारत घरी येता येतं.

राहता राहिली बदली. सरांची झाली तशी तुमचीही होऊ शकते. या किंवा पुढच्या वर्षी तुमचं नाव यादीत यायची शक्यता असेल आणि शाळा पन्नास-साठ किमीवर गेली, तर ना चार्जिंगची गाडी कामाची ना पेट्रोलची. तिथे एसटीच, नाहीतर बिऱ्हाड हलवणं. तसं असेल तर यादी लागेपर्यंत खरेदी थांबवा, किंवा घेतलीच तर पाच वर्षांचं कर्ज करू नका. लर्निंग लायसन्स आणि अर्थिंग या दोन गोष्टींना मात्र यादीची वाट बघायचं कारण नाही, त्या याच महिन्यात करून टाका. दोन्हींचा मिळून खर्च गाडीच्या एका हप्त्याच्या आसपासच येईल आणि बदली कुठेही झाली तरी वाया जाणार नाही. बुकिंग करताना डीलरकडून किमतीची फोड लिहून घ्या: मूळ किंमत, ५ टक्के जीएसटी, त्या दिवशी लागू असलेलं अनुदान, चार्जर आणि विमा वेगवेगळे. अनुदानाचे आकडे दरवर्षी बदलतात, आणि तोंडी सांगितलेली ऑन-रोड किंमत बिल होईपर्यंत चार-पाच हजारांनी वाढलेली मी पुष्कळांच्या पत्रांत वाचली आहे.